काचेच्या घरातील पोवळी

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची रांग व सुमारे चारशे किलोमीटरांची भूमी पसरलेली आहे. या गावच्या बहुतेक मुलांनी पोवळे पाहिलेले असते ते कोणाच्या तरी अंगठीत, नाही तर सोनाराच्या दुकानात. समुद्र पाहण्याचा योग थोड्यांनाच येतो. असे असले तरी पोवळे ज्या द्रव्याचे घडते, ते द्रव्य गोरेगावच्या घराघरांत आहे. विहिरीचे पाणी तापविण्याच्या बंबात काही महिन्यांनी जो पांढरा व कठीण थर धरतो, तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे खडेही त्याच जातीचे. बंबातील थर अग्नीच्या योगाने आपोआप बसतो. समुद्रातील पोवळे मात्र एक जिवंत प्राणी स्वतः घडवितो, आणि ते घडविताना तो सूर्यप्रकाशाचे साह्य घेतो.

पोवळे हा प्राणी आहे ही गोष्ट विद्वानांनाही सहजासहजी पटली नव्हती. शतकानुशतके लोक त्याला समुद्रातील झाड समजत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्सेय येथील पेसोनेल नावाच्या वैद्याने पोवळ्याची 'फुले' म्हणजे वस्तुतः लहान लहान प्राणी आहेत असे निरीक्षणाने दाखविले, तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेने त्याचे म्हणणे उडवून लावले. पुढे काही वर्षांनी त्याचेच खरे ठरले. प्रवाळजीवाचे शरीर एखाद्या लहानशा पिशवीसारखे असते. पिशवीच्या तोंडाभोवती मऊ संस्पर्शकांचे कडे असते व तळाशी चुनखडीचा पेला असतो. असे सहस्रावधी जीव एकमेकांस चिकटून वसाहत करतात. वसाहतीवर वसाहत चढत जाऊन समुद्रात जे प्रचंड खडक उभे राहतात, त्यांना प्रवाळखडक असे म्हणतात. अंगठीतील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील अंधाऱ्या कपारींत वाढते व ते असे खडक बांधीत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो खडक बांधणाऱ्या पोवळ्यांचा.

असा प्राणी समुद्रापासून दूर, काचेच्या पेटीत जगविता येईल काय? मासे पेटीत ठेवण्याची विद्या जुनी आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि अलीकडच्या वर्षांत ते बंद होईपर्यंत राज्यातील कित्येक पिढ्यांनी तेथे काचेपलीकडचे मासे पाहिले. परंतु माशाला अन्न टाकले आणि पाणी स्वच्छ ठेवले की त्याचे बरेचसे भागते. पोवळ्याचे तसे नाही. कित्येक वर्षे मत्स्यालयांत आणलेली पोवळी थोड्याच आठवड्यांत मरून पांढरी पडत. १९६१ च्या सुमारास जकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धत लेखाच्या रूपाने प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले जीवजंतूंनी भरलेले खडक, भरपूर सूर्यप्रकाश आणि पाणी हालते ठेवण्यापुरते हवेचे बुडबुडे एवढ्या साहित्यावर त्यांच्या पेट्यांतील पोवळी जगत होती. त्या काळी अनेक जण पाणी गाळण्याची यंत्रे वाढविण्याच्या मागे लागले होते. एंग यांनी यंत्रे कमी केली व प्रकाश वाढविला, आणि त्यातच पोवळ्याच्या जीवनाचे अर्धे रहस्य होते.

ते रहस्य असे. प्रवाळजीवाच्या मांसल पेशींच्या आत अतिसूक्ष्म, एकपेशीय शैवाल राहते. गव्हाच्या पानाप्रमाणे तेही प्रकाशात कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून साखर तयार करते. त्या साखरेचा मोठा वाटा ते आपल्या यजमानास देते; उलट प्रवाळजीव त्याला निवारा देतो आणि आपल्या शरीरातून टाकावयाची द्रव्ये खत म्हणून पुरवितो. अनेक जातींच्या पोवळ्यांना लागणाऱ्या शक्तीचा बहुतांश या भाडेकऱ्याकडूनच मिळतो. म्हणून पोवळे हा प्राणी असूनही त्याला शेतातील पिकासारखे ऊन लागते. टॉमस गोरो या शास्त्रज्ञाने जमेका बेटावर १९५० ते १९६० या दशकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून पोवळ्यांचा सांगाडा किती वेगाने वाढतो हे मोजले. प्रकाशात ही वाढ अंधारातल्यापेक्षा पुष्कळच वेगाने होते असे त्याला आढळले. पुढे झालेली अनेक मोजमापे एकत्र पाहता हा वेग सामान्यतः सुमारे तिप्पट भरतो.

प्रकाश पाहिजे म्हणजे किती पाहिजे? भर दुपारच्या उन्हाचे तेज सुमारे १ लाख लक्स असते. ट्यूबलाइटने उजळलेल्या खोलीत ते काही शेकड्यांवर येते. आपले डोळे या फरकाशी इतके सहज जुळवून घेतात की, खोलीत प्रकाश थोडा आहे हे जाणवतही नाही. शैवालास मात्र ती उपासमार असते. प्रमाणाइतकाच प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा आहे. समुद्राचे पाणी तांबडा रंग प्रथम शोषून घेते. १० मीटर खोलीवर तो जवळजवळ नाहीसा होतो. निळा रंग सर्वांत खोल पोचतो, आणि पोवळ्यातील शैवालही निळा प्रकाश उत्तम रीतीने वापरते. म्हणूनच पोवळ्यांच्या पेटीवरील दिवे निळसर दिसतात. पूर्वी त्यासाठी मेटल हॅलाइडचे दिवे वापरीत. त्यांचा प्रकाश उत्तम, पण उष्णता इतकी की पाणी तापे. अलीकडे एलईडी दिव्यांनी ती अडचण बरीच दूर केली आहे. दिवा रोज १० ते १२ तास लावतात आणि मग पूर्ण रात्र होऊ देतात. अतिप्रकाशही घातकच. मंद प्रकाशात वाढलेले पोवळे एकदम प्रखर दिव्याखाली ठेवल्यास शैवाल गरजेपेक्षा अधिक वेगाने काम करू लागते, त्यातून पेशींना जाळणारी ऑक्सिजनची रूपे निर्माण होतात, आणि प्रवाळजीव आपल्या भाडेकऱ्यालाच घराबाहेर काढतो. शैवाल गेले की रंग जातो व पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच पोवळ्याचे विरंजन म्हणतात. विरंजित पोवळे लगेच मरत नाही, पण उपाशी राहते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रकाशाचा हा नियम स्पष्ट दिसतो. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पोवळी आहेत. तेथे १९८७ मध्ये समुद्री अभयारण्य घोषित झाले. किनाऱ्याजवळचे हे पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात तर नद्यांच्या गाळाने अधिकच गढूळ होते. त्यामुळे तेथील पोवळी उथळ पाण्यातच आढळतात. उलट विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खोल असूनही तेथे पोवळी समृद्ध आहेत, कारण तेथील पाणी काचेसारखे स्वच्छ असून ऊन त्या खोलीपर्यंत पोचते.

प्रकाशाने पोवळ्याला अन्न मिळते. घर मात्र पाण्यातूनच उभारावे लागते. हा भाग समजण्यासाठी शाळेतला एक जुना प्रयोग पुरेसा आहे. पानाला लावण्याचा चुना पाण्यात कालवून तो खाली बसू दिला म्हणजे वर जे स्वच्छ पाणी राहते, तिला चुन्याची निवळी म्हणतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली, निवळी तोंडात येणार नाही अशा बेताने तिच्यात नळीने हळूहळू फुंकले, तर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधासारखी पांढरी होते. हा पांढरेपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांचा. बहुतेक विद्यार्थी येथेच थांबतात. पण फुंकणे तसेच चालू ठेवले तर काही वेळाने पांढरेपणा नाहीसा होऊन पाणी पुन्हा स्वच्छ होते, कारण वायू अधिक झाला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. हेच स्वच्छ पाणी तापविले की वायू निघून जातो व पांढरा साका पुन्हा खाली बसतो. बंबात रोज घडते ते हेच.

या साध्या प्रयोगात पोवळ्यांच्या पेटीतील निम्मेअधिक रसायनशास्त्र सामावलेले आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट ही दोन्ही विरघळलेली असतात. प्रवाळजीव त्यांना आपल्या त्वचेखालच्या अरुंद जागेत एकत्र आणतो, तेथील आम्लता बाहेर लोटतो आणि चुनखडीचे स्फटिक बसवितो. पेटीत हा साठा हळूहळू कमी होत जातो. तो किती वेगाने कमी होतो, हे थोड्या हिशेबाने कळेल. समुद्राच्या १०० लिटर पाण्यात सुमारे ४२ ग्रॅम कॅल्शियम असते. एवढ्यातून १०० ग्रॅमांहून थोडी अधिक चुनखडी घडू शकेल. पण त्याच पाण्यातील बायकार्बोनेट व कार्बोनेट यांचा साठा, ज्याला अल्कता म्हणतात, तो जेमतेम १२ ग्रॅम चुनखडीला पुरतो. घर बांधणाऱ्याने विटांची रास घालावी आणि चुना मात्र चार घमेली आणावा, त्यातलाच हा प्रकार. समजा, पेटीतील पोवळ्यांनी मिळून ६ ग्रॅम चुनखडी बसविली. कॅल्शियम ४२ ग्रॅमांवरून सुमारे ३९.६ ग्रॅमांवर येते. एवढा फरक साध्या तपासणीत कळणेही कठीण. पण अल्कता मात्र निम्म्यावर येते! दाट वस्तीच्या पेटीत याला काही दिवस पुरतात. म्हणून जाणता माणूस कॅल्शियमच्या आधी अल्कता तपासतो.

हा खर्च भरून काढण्याची एक सुंदर युक्ती १९७० नंतरच्या दशकात युरोपात पेटर विल्केन्स यांनी रूढ केली, आणि ती म्हणजे चुन्याची निवळी. पेटीतून रोज थोडे पाणी वाफ होऊन उडते. मीठ उडत नाही. ते मागे राहते. तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घातले तर क्षार वाढतच जातील. तेथे गोडेच पाणी घालावयास पाहिजे. त्या गोड्या पाण्याऐवजी शुद्ध चुन्याची निवळी थेंबथेंब सोडली, तर पाण्याची तूट भरते आणि कॅल्शियम व अल्कता ही दोन्ही पोवळ्याला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. निवळी शक्यतो रात्री सोडतात. अंधारात शैवालाचे साखर बनविण्याचे काम थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. त्यामुळे पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून त्याचा सामू उतरतो, आणि निवळी तो सावरते. सामू हा शब्द शेतकऱ्याच्या घरात अनोळखी नाही; माती तपासून आणली की तो अहवालावर लिहिलेला असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो. निवळीचा १२ च्याही वर असल्याने घाईने तांब्याभर ओतली, तर पेटीतील पाणीच दुधासारखे होऊन बसेल. काही ठिकाणी प्रयोगाचा उत्तरार्ध वापरतात. बंद नळकांड्यात मृत पोवळ्यांचे तुकडे भरून त्यांवर कार्बन डायऑक्साइड सोडतात. तुकडे विरघळतात आणि ते पाणी जिवंत पोवळ्यांना देतात. या सर्वांच्या जोडीला मॅग्नेशियम पुरेसे असावे लागते. समुद्रात ते कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट असते आणि चुनखडी भलत्याच जागी बसू नये म्हणून जणू पहारा करते.

पाण्यात काय असावे याइतकेच काय नसावे याला महत्त्व आहे. तांब्याच्या हंड्यातील पाणी माणसाला चालते. पण तांब्याचा किंचितसा अंशही प्रवाळजीवाला विष ठरतो. स्फुरद व नत्र यांवर गोरेगावच्या शेतातील हळद पोसते. पेटीत मात्र हीच द्रव्ये वाढली तर काचांवर व खडकांवर हिरव्या शेवाळाचे रान माजते, आणि स्फुरद तर चुनखडी बसण्याच्या कामातच अडथळा आणते. कोरल समुद्राचे पाणी त्या अर्थाने अत्यंत निकस असते. निकस पाण्यात एवढी समृद्धी उभी राहते ती प्राणी व शैवाल यांनी एकमेकांचे टाकाऊ ते उपयोगात आणल्यामुळे.

नुसते खारेपण पुरेसे असते, तर पोवळी शोधावयास समुद्रापर्यंत जावे लागले नसते. गोरेगावाहून फार दूर नसलेले, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर खारेच आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या या विवरातील पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. तेथे कार्बोनेट विपुल आहे; परंतु इतक्या अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियम फारसे टिकूच शकत नाही, ते चुनखडी होऊन खाली बसते. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. सूक्ष्मजीवांना जे पाणी मानवले, ते प्रवाळजीवाला एक दिवसही मानवणार नाही.

गोरेगावात अशी पेटी ठेवलीच, तर खरी कसोटी मे महिन्यात लागेल. पोवळ्यांना साधारण २५ ते २७ अंश सेल्सियस उष्णता मानवते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, म्हणजे पाणी थंड करण्याचे यंत्र दिवसभर चालले पाहिजे. त्यातच वीज गेली, तर यंत्र थांबते, पाणी निश्चल होते, त्यातील ऑक्सिजन उतरतो, आणि वर्षभराची जोपासना एका दुपारी नष्ट होऊ शकते. समुद्र इतका अफाट आहे की एका दुपारच्या उन्हाने त्याचा सामू, क्षार किंवा उष्णता फारशी ढळत नाही. पेटीचे सर्व शास्त्र म्हणजे हा अचलपणा थोड्या पाण्यात, हाताने, रोज निर्माण करण्याची खटपट होय.

तथापि ही पेटी कोणाच्याही दिवाणखान्यात ठेवता येईल असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणाऱ्या पोवळ्यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. समुद्रातील पोवळी तोडून शोभेसाठी आणणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात, कित्येक वर्षे पोवळी खणून चुन्याच्या भट्ट्यांत घातली गेली. शेकडो वर्षांत रचलेला खडक भिंती रंगविण्याच्या कामी आला!

कायद्याने माणसाचा हात अडविता येतो, पाण्याची उष्णता अडविता येत नाही. समुद्र त्याच्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी अधिक तापला आणि ती उष्णता काही आठवडे टिकली, तरी विरंजन सुरू होते. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या बेटांभोवती ते मोठ्या प्रमाणावर झाले व पुष्कळ पोवळी मेली. दुसरे संकट निवळीच्या प्रयोगातलेच आहे. कोळसा व तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग समुद्र शोषतो. यंत्रयुगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. हा आकडा दिसतो लहान. परंतु सामूचे मोजमापच असे आहे की, एवढ्या उताराने आम्लता पाव हिश्श्याहून अधिक वाढते. नळीने फुंकणे चालू ठेवल्यावर पांढरे कण विरघळू लागतात, त्या दिशेने पडलेले हे पाऊल होय. समुद्रात अजून चुनखडी विरघळण्याइतकी वेळ बहुतेक ठिकाणी आलेली नाही. पण ती बसविण्यासाठी प्रवाळजीवाला अधिक श्रम पडू लागतात.

अशा वेळी पेटीतून मिळालेले ज्ञान समुद्रावर उपयोगी पडू लागले आहे. पोवळ्याचा तुकडा मूळ वसाहतीपासून वेगळा करून दुसरीकडे चिकटविला तर तो वाढतो, ही गोष्ट पेट्या सांभाळणाऱ्यांच्या नित्याच्या अनुभवाची आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामाच्या वेळी वरळी व हाजी अली येथील खडकांवर पोवळ्यांच्या लहान वसाहती आढळल्या. महानगराच्या सांडपाण्याशेजारी पोवळी असतील अशी कोणाची फारशी कल्पना नव्हती. वन विभागाची परवानगी घेऊन २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली अशा १८ वसाहती उचलून मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे बसविण्यात आल्या. अशा कामात नवी जागा निवडताना पाण्याची खोली, गढूळपणा, लाटांचा जोर व भरती-ओहोटी ही सर्व जुन्या जागेशी ताडून पाहावी लागतात. ही पोवळी उथळ आणि गढूळ पाण्यात, मंद प्रकाशात वाढलेली होती; आंग्रिया बँकेवरचे स्वच्छ निळे पाणी त्यांच्या फारसे उपयोगाचे नव्हते.